जुने नट, जुने बोल्ट आणि एक कोटी पौंड

गाडीचं इंजिन बदललं. चॅसी बदलली. बॉडी तर किती वेळा उतरवली आणि चढवली, त्याचा हिशोबच नाही. आता सांगा, ती तीच गाडी का? चहाच्या टपरीवर हा वाद अर्ध्या कटिंगमध्ये संपेल. लंडनच्या हायकोर्टात मात्र १९९० साली यावर रीतसर खटला चालला, आणि पणाला होते एक कोटी पौंड.

गाडीचं नाव 'ओल्ड नंबर वन'. बेंटले स्पीड सिक्स, साडेसहा लिटर, सहा सिलिंडर. १९२९ आणि १९३० अशी सलग दोन वर्षं तिने 'ल मां'ची २४ तासांची शर्यत जिंकली. दोन्ही वेळा वूल्फ बार्नाटो चालवत होता, आधी टिम बर्किनबरोबर आणि मग ग्लेन किडस्टनबरोबर. बार्नाटो म्हणजे हिऱ्यांच्या व्यापाऱ्याचा मुलगा आणि बेंटले कंपनीचा चेअरमन. स्वतःच्याच कंपनीची गाडी स्वतःच रेसला न्यायची, असला शौक! 'ल मां'मध्ये तो तीनदा उतरला आणि तिन्ही वेळा जिंकला.

या इंजिनातली माझी सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे वरच्या कॅमशाफ्टला फिरवणारी यंत्रणा. साखळी नाही, गिअरची रांग नाही, चक्क रेल्वे इंजिनाच्या चाकांना असतात तसे दांडे! डब्ल्यू. ओ. बेंटले हे तरुणपणी डॉनकास्टरच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी करत होते. हे दांडे बघितले की ते लगेच पटतं.

पुढे १९३२ मध्ये हीच गाडी आठ लिटरचं इंजिन बसवून ब्रुकलँड्सच्या ५०० मैलांच्या शर्यतीत उतरली. बँकिंगच्या कडेवरून ती बाहेर फेकली गेली आणि चालवणारा क्लाइव्ह डन्फी जागीच गेला. त्याचा भाऊ जॅक त्याच शर्यतीतला त्याचा जोडीदार होता. नंतर बार्नाटोने ती गाडी रस्त्यावर चालवण्यासाठी नव्याने बांधून घेतली.

अठ्ठावन्न वर्षांनी एड हबर्ड या मालकाने ती विकायला काढली. सौदा ठरला, आणि मग खरेदीदार कंपनी म्हणाली, थांबा, ही ती गाडीच नाही! कोर्टात एकेक भाग मोजला गेला. टीमने रेस दर रेस पार्ट्स बदलले होते. न्यायमूर्ती ऑटन यांना १९२९ च्या गाडीतलं जवळपास काहीच उरलेलं दिसलं नाही. १९३० चं थोडं किरकोळ, १९३२ चं त्याहून जास्त. तरीही निकाल मालकाच्या बाजूने गेला. या गाडीचा इतिहास कुठेही तुटलेला नाही, कुणी ती मोडून दुसरी 'तीच' बनवलेली नाही, म्हणून हीच खरी 'ओल्ड नंबर वन', असं कोर्टाने मानलं.

मला हा निकाल पटतो. पंढरपूरच्या मूर्तीला वज्रलेप झाला म्हणून कुणी 'हा वेगळा विठोबा' म्हणून माघारी फिरलंय का?

आता गंमत बघा. आपल्याकडे २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले. पन्नास वर्षांपेक्षा जुनी, खासगी वापराची, मूळ रूपात ठेवलेली गाडी. चॅसी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल नको, नंबरप्लेटवर 'व्हीए' अक्षरं, नव्या नोंदणीची फी २० हजार. या व्याख्येत 'ओल्ड नंबर वन' बसेल का? मला तरी कठीण दिसतं! रोजच्या वापराची जुनी गाडी आणि रेसची गाडी यांत हाच फरक आहे. पहिली कव्हरखाली झाकून जपतात, तर दुसरी पहिल्याच सीझनमध्ये आपटून, वाकून, जळून निघालेली असते. 'मूळ रूप' म्हणजे नेमकं कुठल्या रविवारी सकाळचं रूप, हाच प्रश्न.

म्हणून या दुनियेत 'ओरिजिनल' इतकाच 'पीरियड-करेक्ट' हा शब्द चालतो. भाग त्याच गाडीचा नसेल, पण त्या काळी त्या मॉडेलवर असायचा तसाच हवा. एफआयएचं 'अपेंडिक्स के' हेच पाहतं. जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय रेसमध्ये उतरायचं तर गाडीचा टेक्निकल पासपोर्ट लागतो आणि त्यात तिचं त्या काळचं स्पेसिफिकेशन नोंदलेलं असतं. सवलत आहे ती मुख्यतः जिवाशी संबंधित गोष्टींना : रोल बार, सीट बेल्ट, आग विझवायची सोय.

ऐकायला सोपं. करायला बसा! जुन्या ब्रिटिश गाडीचे व्हिटवर्थ घराण्यातले आटे ५५ अंशांचे, आजचे मेट्रिक ६० अंशांचे. जबरदस्तीने पिळलं तर नटही गेला आणि बोल्टही. बेअरिंगचं रेडिमेड पाकीट मिळत नाही. कथलाचा पांढरा मिश्रधातू वितळवून जागेवर ओतायचा, मग घासून मापात आणायचा. हे काम येणारी माणसं कमी होत चाललीयत, आणि माझ्या मते खरी दुर्मिळ गोष्ट तीच आहे. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणजे नळी दिसायला १९३० ची आणि आतून आजची, अशी तडजोड आलीच. मॅग्नेशियमची जुनी चाकं असतील तर वरून चकाचक दिसली तरी आत तडा आहे का, हे तपासल्याशिवाय ट्रॅकवर जाऊ नये. शंभर टक्के पीरियड-करेक्ट चाक १६० च्या स्पीडला फुटलं, तर तो करेक्टनेस घेऊन करायचं काय?

बेंटलेने स्वतः दुसरीच वाट काढली. बर्किनची ब्लोअर गाडी सुटी करून तिचा भाग न् भाग स्कॅन केला आणि २०१९ मध्ये जाहीर केलं, तश्शाच बारा नव्या बनवणार. काम देखणं आहे, वादच नाही. पण मला त्यात फार रस वाटत नाही. बेंटलेसाहेबांना स्वतःला तो सुपरचार्जर मुळीच पसंत नव्हता आणि ब्लोअरने 'ल मां' कधी जिंकलंही नाही, हे आपलं जाता जाता.

मला जास्त ओढ वाटते ती 'बॅब्स'ची. काउंट झबोरोव्स्कीची ही गाडी, लिबर्टी विमानाचं २७ लिटरचं इंजिन. त्याच्या मृत्यूनंतर पॅरी-थॉमसने ती अवघ्या १२५ पौंडांत घेतली आणि १९२६ मध्ये वेल्सच्या पेंडाइन किनाऱ्यावर ताशी २७५ किलोमीटरच्या आसपास जमिनीवरच्या वेगाचा विक्रम केला. पुढच्याच मार्चमध्ये, त्याच वाळूवर, पुन्हा विक्रमाच्या प्रयत्नात तो गेला. लोकांनी गाडी तिथेच पुरली.

१९६९ मध्ये ओवेन विन ओवेन या इंजिनिअरिंगच्या शिक्षकाने ती खणून काढली. विरोध झाला. काहींच्या लेखी ती कबर होती. ४२ वर्षं खाऱ्या वाळूने जे खाल्लं होतं, ते नव्याने घडवावं लागलं, आणि त्यात वर्षानुवर्षं गेली. इतकी वर्षं सगळे म्हणत आले होते की ड्राइव्हची साखळी तुटून त्याला लागली. गाडी वर आल्यावर त्या गोष्टीवरच शंका घेतली गेली आणि मागच्या चाकाकडे बोट दाखवलं गेलं.

बॅब्सचं इंजिन पुन्हा सुरू झालं. तिला बघायचं असेल तर पेंडाइनच्या म्युझियममध्ये चौकशी करा.