एका घरातली दोन एकविसावी वर्षे

एडिसन (न्यू जर्सी) : मुलाची एकविशी जवळ आली की इथल्या अनेक मराठी घरांत वकिलाकडे खेपा सुरू होतात. अमेरिकेच्या इमिग्रेशन कायद्यात ‘मूल’ म्हणजे २१ वर्षांखालची अविवाहित संतती. एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्यांची मुले एच-४ व्हिसावर, म्हणजे आईवडिलांच्या आधाराने राहतात. तोवर ग्रीन कार्ड हाती आले नाही, तर २१ पूर्ण होताच हा आधार सुटतो. ‘आमची एज आउट होतेय,’ हे वाक्य ओक ट्री रोडवर भाजी घेतानाही कानावर पडते.

‘इतकी वर्षे झाली, अजून ग्रीन कार्ड कसं नाही?’ असे गावाकडचे नातेवाईक विचारतात. उत्तर १९९० च्या कायद्यात आहे. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे मिळतात आणि त्यांतच बायकामुलेही मोजली जातात. शिवाय कोणत्याही एका देशाला सर्वसाधारणपणे ७ टक्क्यांहून जास्त वाटा नाही. या हिशेबात भारत आणि आइसलँड सारखेच. त्यामुळे बहुतेक भारतीयांची रांग दहा वर्षांहून लांब आहे. परराष्ट्र खाते दर महिन्याला ‘व्हिसा बुलेटिन’ काढते. रांग कुठवर आली हे सांगणारी त्यातली तारीख कधी थोडी पुढे सरकते, कधी जागची हलत नाही, कधी चक्क मागे जाते. लेकराला कडेवर घेऊन आलेला बाप रांगेतच असतो आणि लेकरू कॉलेजात पोचते.

२००२ मध्ये थोडी सवलत मिळाली. ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज सरकारदरबारी जितके दिवस पडून होता, तितके दिवस मुलाच्या वयातून वजा होतात. मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षे मात्र वजा होत नाहीत. बुलेटिनमधल्या दोन तक्त्यांपैकी कोणता धरून वय गोठवायचे, हेही बदलत राहते. २०२३ मध्ये नियम सैल झाला, ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा आवळला गेला.

ओळखीतल्या एका घरात थोरली नाशिकची, तीन वर्षांची असताना इथे आलेली. धाकटा इथेच जन्मला. दोघांचे पासपोर्ट निळेच, पण एक भारताचा, एक अमेरिकेचा. धाकट्याने उन्हाळ्यात आइस्क्रीमच्या दुकानात काम धरले. थोरलीला तसे कधी करता आले नाही, कारण एच-४ वरच्या मुलांना नोकरीची परवानगीच नाही. कॉलेजसाठी केंद्र सरकारची आर्थिक मदतही तिला मिळत नाही. तिला इतिहासाची ओढ होती, पण घेतले कॉम्प्युटर सायन्स. त्या पदवीनंतर स्टुडंट व्हिसावर तीन वर्षांपर्यंत काम करता येते, इतिहासाच्या पदवीनंतर एकच वर्ष. पुढे एच-१बीच्या लॉटरीत स्वतःचे नशीब आजमावायचे.

आता तिला तो स्टुडंट व्हिसा घ्यायचा आहे. ती म्हणाली, “काका, शिकून झालं की मायदेशी परत जाणार, हे त्यांना पटवून द्यावं लागतं. नाशिकला मी फक्त सुट्टीत गेलेय. काय सांगू त्यांना?” बापाने पटकन विषय बदलला.

धाकटा २१ वर्षांचा झाला की आईवडिलांना स्पॉन्सर करू शकेल. बहिणीलाही करू शकेल, पण भारतीय भावंडांची ती रांग दीड दशकाहून लांब आहे. तोच वाढदिवस एकाला हक्क देतो आणि दुसरीचे छत्र काढून घेतो. धाकट्याला जन्माने मिळाले तसे नागरिकत्व तात्पुरत्या व्हिसावरच्या जोडप्यांच्या बाळांना नाकारणारा आदेश जानेवारी २०२५ मध्ये निघाला. न्यायालयांनी तो अमलात येण्याआधीच अडवला आणि वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. तेव्हापासून या घरांतल्या गरोदर बायकाही वकिलाला फोन करू लागल्या.

हद्दपारीपासून संरक्षण देणाऱ्या ओबामांच्या २०१२ च्या ‘डाका’ योजनेत थोरलीसारख्या मुलांना जागा नाही, कारण ती योजना कायदेशीर दर्जा नसलेल्यांसाठी होती. कागदपत्रे चोख ठेवल्याचे हे बक्षीस! अशा मुलांना वाट देणारे विधेयक २०२१ आणि २०२३ मध्ये दोन्ही पक्षांच्या पाठिंब्याने मांडले गेले, पण दोन्ही वेळा त्याचा कायदा झाला नाही.

तरी आपल्या मुलांचे हाल हे इथल्या स्थलांतरित मुलांचे सर्वांत मोठे हाल नव्हेत. ज्यांचे आईवडील कागदपत्रांविना राहतात, त्या मुलांना शाळेतून घरी आल्यावर आई दिसेल की नाही, याचीच धास्ती असते. १९८२ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या निकालामुळे त्यांना सरकारी शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. पण शाळा-दवाखान्यांजवळच्या इमिग्रेशन कारवाईवरचे जुने निर्बंध जानेवारी २०२५ मध्ये उठले. अशा भीतीचा परिणाम मोजलाही गेला आहे. २००८ मध्ये आयोवातल्या पोस्टव्हिल गावी मांस कारखान्यावर धाड पडून ३८९ जणांना अटक झाली. त्यानंतर राज्यभरातल्या लॅटिनो मातांची बाळे कमी वजनाची जन्मण्याचा धोका २४ टक्क्यांनी वाढल्याचे संशोधकांना आढळले. याच्या उलट चित्र ऑरेगनमध्ये दिसले. तिथे ‘डाका’साठी पात्र ठरलेल्या मातांच्या मुलांमध्ये चिंता आणि जुळवून घेण्याशी निगडित विकारांचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले. त्या मुलांना कोणी औषध दिले नव्हते. आईला हद्दपारीपासून संरक्षण मिळाले, एवढेच.

अमेरिकेचा हा कायदा कामगार मोजण्यासाठी बेतलेला आहे. त्या कामगाराच्या घरात एक मूल वाढते आहे, याची फारशी दखल त्यात नाही. पुण्या-मुंबईहून लहान मुले घेऊन इकडे निघणाऱ्यांनी ऑफर लेटरवरचा पगार जरूर पाहावा. पण सही करण्याआधी मुलाचे वय आणि ग्रीन कार्डच्या रांगेची लांबी यांची बेरीजही करावी. ती २१ च्या पुढे जात असेल, तर मुलाला ते लवकर सांगावे. सतराव्या वर्षी कॉलेजचा फॉर्म भरताना त्याला ते पहिल्यांदा कळता कामा नये.