अंधारातला नेम मोजायचा कसा?

ओझरला बांधलेली सुखोई विमानं रात्री बॉम्बफेकीचा सराव करतात, तेव्हा नेम लागला की चुकला हे ठरवतं कोण, असं मनमाडच्या एका वाचकाने विचारलं आहे.

जुनी पद्धत शाळेतल्या भूमितीची. सरावाच्या बॉम्बमध्ये आदळताच चमकणारी थोडी दारू असते. मैदानाच्या कडेला दोन मनोऱ्यांवर बसलेले निरीक्षक चमक दिसताच कोन टिपतात. नकाशावर दोन्ही रेषा जिथे छेदतात, तिथे बॉम्ब पडला. या कामी काळोख सोयीचाच!

पण चूक मुळात होते कुठे? धावत्या गाडीतून गोदावरीत टाकलेलं नाणं गाडीच्या दिशेने पुढे सरकतच खाली येतं. बॉम्बचंही तसंच. ताशी 720 किलोमीटर वेगाच्या विमानातून 3000 मीटरवरून सोडलेला बॉम्ब, हवेचा विरोध सोडला तर, सुमारे 25 सेकंदांत जमीन गाठतो. तेवढ्यात 5 किलोमीटर पुढे गेलेला असतो. बटण सेकंदाचा दहावा भाग उशिरा दाबलं, की नेम 20 मीटरने हुकला.

म्हणजे सोडण्याचा क्षण नेमका कळला, तर बॉम्ब टाकायलाच नको. अमेरिकी हवाई दलाने हेच केलं. जमिनीवरचं रडार विमानाचा माग काढी. विमानातून रेडिओवर येणारा सूर ज्या क्षणी थांबे, तो बॉम्ब ‘सुटल्याचा’ क्षण. उंची, वेग आणि वारा धरून बाकीचं गणित. वैमानिकांना लक्ष्याची सवय होऊ नये म्हणून 1961 मध्ये ही रडारं चक्क आगगाड्यांवर चढवून गावोगाव फिरवली. मनमाडसारख्या जंक्शनच्या गावाने कौतुक करावं अशीच ही युक्ती!

मोजणाऱ्याचं मोल मात्र ब्रिटनने दाखवून दिलं. 1941 मध्ये डेव्हिड बेन्सुसन-बट या सरकारी अधिकाऱ्याने रात्रीच्या हल्ल्यांत विमानांनी टिपलेली सहाशेहून अधिक छायाचित्रं तपासली. लक्ष्यावर हल्ला केल्याची नोंद असलेल्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमानं लक्ष्याच्या 8 किलोमीटरच्या आत पोचली होती. वैमानिक खोटं बोलत नव्हते. अंधारात त्यांना तसंच वाटलं होतं. युद्धाच्या इतिहासात वैमानिकांची नावं ठळक आहेत, बट यांचं क्वचितच दिसतं. हा अन्याय आहे.

म्हणून सरावाच्या झगमगत्या चित्रफितींत ‘अचूक मारा’ ऐकलात, तर एवढं जरूर विचारा: किती बॉम्ब, लक्ष्यापासून किती मीटरवर, आणि मोजलं कोणी?