जुन्या पगारखात्यातली उणे शिल्लक

नोकरी बदलली की पगाराचं खातंही बदलतं. नवी कंपनी नव्या बँकेत खातं उघडून देते, जुनं डेबिट कार्ड कपाटातल्या फायलीत जाऊन पडतं आणि ते खातं बंद करायचं काम ‘पुढच्या शनिवारी’ म्हणत राहूनच जातं. मग कधीतरी त्यात एखाद्या शेअरचा लाभांश जमा होतो आणि आला तसा बँकेकडे वळता होतो. पासबुक भरून आणल्यावर उलगडा होतो: खात्यात शिल्लक होती उणे दोन हजार काहीतरी.

पगारखात्याला सहसा किमान शिलकेची अट नसते. पण काही महिने पगार आला नाही की बँक त्याचं साधं बचत खातं करून टाकते आणि मग अट लागू होते. रोज दिवसाअखेरची शिल्लक मांडून तिची बेरीज करायची, महिन्याच्या दिवसांनी भागायची. ही सरासरी कमी भरली की दंड, वर १८ टक्के जीएसटी. खात्यातला शेवटचा रुपया संपला तरी दंडाची नोंद चालूच राहिली, तर आकडा शून्याच्या खाली उतरतो.

तो उतरता कामा नये. रिझर्व्ह बँकेने २० नोव्हेंबर २०१४ रोजी काढलेलं परिपत्रक १ एप्रिल २०१५ पासून लागू झालं. शिल्लक कमी पडली तर बँकेने ग्राहकाला आधी कळवायचं, ती भरून काढायला किमान एक महिना द्यायचा, दंड लावायचा तो तुटीच्या प्रमाणात, आणि केवळ या दंडामुळे बचत खातं उणे होऊ द्यायचं नाही, असं त्यात स्पष्ट आहे. दोन वर्षं व्यवहार न झाल्याने निष्क्रिय ठरलेल्या खात्याला तर १ एप्रिल २०२४ पासून हा दंड लावताच येत नाही. तरीही काउंटरवर ‘आधी थकबाकी भरा, मग खातं बंद करू’ असं ऐकलं की बरेच जण मुकाट्याने पैसे भरून मोकळे होतात.

ही किरकोळ बाब नाही. २०१९-२० ते २०२३-२४ या पाच वर्षांत सरकारी बँकांनी किमान शिलकेच्या दंडापोटी सुमारे साडेआठ हजार कोटी रुपये वसूल केले, अशी माहिती सरकारने २०२४ मध्ये संसदेत दिली. ज्यांच्या खात्यात मुळात पैसे कमी होते, त्यांच्याकडूनच हे पैसे गेले. स्टेट बँकेने हा दंड २०२० मध्ये बंद केला, कॅनरा बँकेने जून २०२५ पासून. म्हणजे त्यावाचून बँक चालते.

भांडायला जाण्याआधी मात्र स्टेटमेंट ओळ न् ओळ वाचायला हवं. जुन्या खात्यावर एसआयपीचा किंवा विम्याचा हप्ता लावलेला असेल आणि पैशांअभावी तो परत गेला असेल, तर त्याचा दंड वेगळा असतो. २०१४ चं संरक्षण किमान शिलकेच्या दंडापुरतंच आहे. दोन्ही प्रकारच्या नोंदी कागदावर वेगवेगळ्या लिहून काढल्या, तारखा आणि रकमा मांडल्या, की कुठल्या पैशांवर आपला हक्क आहे ते दिसतं.

मग शाखेत अर्ज द्यायचा, दोन प्रतींत. परिपत्रकाची तारीख त्यात लिहायची, पूर्वसूचना कधी आणि कशी दिली ते विचारायचं, चुकीच्या नोंदी उलटवून खातं बंद करण्याची मागणी करायची. आपल्या प्रतीवर शिक्का आणि तारीख घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. पुढचे तीस दिवस त्या तारखेपासून मोजले जातात. तेवढ्यात उत्तर आलं नाही, किंवा आलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. त्यासाठी फी नाही, वकील लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते, आणि ज्यांना ते जमत नाही त्यांचा कागद टपालाने रिझर्व्ह बँकेच्या चंदीगडमधल्या तक्रार केंद्रात पोहोचला तरी चालतो. सोबत शिक्क्याची ती प्रत जोडायची.