घरातील ज्येष्ठांना अचानक भ्रम झाला तर

तापात माणूस असंबद्ध बरळू लागला की जुनी मंडळी 'वात झाला' म्हणत. वयानुसार हळूहळू विसर पडू लागला की 'म्हातारचळ' म्हणत. शब्द बोचरा आहे, पण हे दोन वेगळे आजार आहेत हे त्यांना कळत होते. डॉक्टर पहिल्याला डिलिरियम म्हणतात आणि दुसऱ्याला डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश. आज आपण दोन्हींना 'वय झालं' म्हणतो आणि उपचाराचा वेळ घालवतो.

मुख्य फरक काळाचा आहे. डिमेन्शिया महिन्या-वर्षांनी वाढतो. 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांपैकी सुमारे सात जणांना तो आहे. डिलिरियम काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत येतो. सकाळी माणूस बरा असतो, रात्री घरच्यांना ओळखत नाही, नसलेली माणसे त्याला दिसतात. लक्ष टिकत नाही. रविवारपासून उलटे वार म्हणायला सांगितले तर मध्येच अडखळतो. काही जण गडबड न करता नुसते झोपून राहतात, जेवत-बोलत नाहीत. तोही डिलिरियम असू शकतो आणि तोच जास्त नजरेतून सुटतो.

त्यामागे बहुतेक वेळा शरीरातले काही कारण असते: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, सोडियम किंवा साखर कमी होणे, लघवी तुंबणे, बद्धकोष्ठ, खुब्याचे ऑपरेशन, झोपेची किंवा सर्दीची नवी गोळी. आपल्या बिदर-कलबुर्गीच्या उन्हाळ्यात पारा चाळीशीपलीकडे जातो, तेव्हा अंगातले पाणी कमी होणे हेही मोठे कारण. म्हणून अचानक भ्रम झाला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. गरज पडल्यास 108 ला फोन करा. बिदरला ब्रिम्स आणि कलबुर्गीला जिम्स ही सरकारी रुग्णालये आहेत. आधीपासून डिमेन्शिया असलेला माणूस एकाएकी बिघडला, तरी हेच करावे.

वॉर्डात आपल्या भागाची एक अडचण येते. सिस्टर कन्नडमध्ये विचारतात, आजी घरात फक्त मराठी बोललेल्या असतात. उत्तर आले नाही ते भाषेमुळे की भ्रमामुळे, हे सांगायला घरचे माणूस जवळ हवे. 'परवापर्यंत या स्वतः पूजा करत होत्या, हिशेब सांगत होत्या,' ही माहिती डॉक्टरांना फार उपयोगी पडते. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

शुश्रूषा साधीच असते. चष्मा, कानाचे यंत्र, कवळी लावून द्या. दिवसा उजेड आणि रात्री शांतता ठेवा. घड्याळ समोर असू द्या. डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर थोडे थोडे पाणी पाजा, धरून चालवा. वाद घालू नका, हात बांधू नका, स्वतःच्या मनाने झोपेची गोळी देऊ नका. पूर्ववत व्हायला कधी काही आठवडेही लागतात.

विसर हळूहळू वाढत असेल तरी तपासणी करून घ्यावी. बी-12 ची किंवा थायरॉईडची कमतरता, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि त्यांवर औषध आहे. सांभाळणाऱ्यांची, विशेषतः घरातल्या सुनांची आणि लेकींची, दमछाक होते. त्यांना 14416 या टेली-मानस क्रमांकावर मोफत बोलता येते. ज्येष्ठांसाठी 14567 ही मदतवाहिनी आहे. हे दोन्ही क्रमांक फोनजवळ लिहून ठेवावेत.