प्रौढांमधला ऑटिझम: पाच गैरसमज आणि त्यांच्यामागची संशोधनपद्धती

नेट-सेटच्या पुस्तकात ऑटिझम कुठे भेटतो? बहुतेक वेळा बालविकासाच्या प्रकरणात. उशिरा बोलणारं, नजरेला नजर न देणारं, खेळणी एका ओळीत लावणारं मूल. प्रकरण संपतं आणि ते मूल गायब होतं. ते मोठं झालं की नाही, नोकरीला लागलं की नाही, याचा पत्ताच लागत नाही.

प्रत्यक्षात काय झालं ते बघा. लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करणारा शोधनिबंध लिहिला. त्यातलं पहिलं मूल म्हणजे अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यातला डोनाल्ड ट्रिपलेट. हे मूल मोठं झालं, पदवीधर झालं, गावातल्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवायला शिकलं, गोल्फ खेळलं, देशोदेशी फिरलं. ट्रिपलेट २०२३ साली वयाच्या ८९ व्या वर्षी वारले, आणि तोवर ते ऑटिस्टिकच होते.

या लेखात प्रौढांमधल्या ऑटिझमबद्दलचे पाच गैरसमज घेऊ. 'हे खोटं, ते खरं' एवढीच यादी मला द्यायची नाही. प्रत्येक गैरसमजामागे संशोधनपद्धतीतली एक गोष्ट लपलेली आहे: नमुना कुणाचा घेतला, नेमकं मोजलं काय, तुलना कुणाशी केली. तुम्ही संशोधनाकडे वळणार असाल तर ती गोष्ट कुठल्याही विषयात उपयोगी पडेल.

आधी शब्दाबद्दल

'ऑटिझम' हा शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्वतः' यावरून आला. १९११ च्या सुमारास ऑयगेन ब्लॉयलर यांनी तो स्किझोफ्रेनियाच्या एका लक्षणासाठी वापरला होता. मराठीत त्याचा 'स्वमग्नता' झाला. शब्द सुंदर आहे, पण तो ऐकताच 'स्वतःतच मग्न, बाकी जगाशी घेणंदेणं नाही' असं चित्र उभं राहतं. म्हणजे गैरसमज शब्दातच बसलाय. म्हणून मी इथे 'ऑटिझम' आणि 'ऑटिस्टिक' हेच शब्द वापरतोय.

गैरसमज १: हा लहान मुलांचा आजार आहे

पहिली गोष्ट, हा आजार नव्हे. ही मेंदूच्या जडणघडणीतली आयुष्यभराची भिन्नता आहे. दुसरी गोष्ट आकड्यांची. इंग्लंडमध्ये घरोघरी जाऊन प्रौढांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले. ऑटिझमचं प्रमाण निघालं दर हजारी ९.८, म्हणजे साधारण १ टक्का. महत्त्वाचं म्हणजे वयाशी या प्रमाणाचा लक्षणीय संबंध दिसला नाही. ऑटिझम ही फक्त हल्लीच्या पिढीतली गोष्ट असती, तर वयस्क गटांत प्रमाण घसरायला हवं होतं.

मग वयस्कांकडे निदान का नसतं? कारण ते शाळेत होते तेव्हा निकषच वेगळे होते. डीएसएममध्ये ऑटिझमला स्वतंत्र जागा मिळाली १९८० साली, आणि ॲस्पर्जर सिंड्रोम आला १९९४ साली. आपल्याकडे अशा माणसांना निदान नाही, विशेषणं मिळाली: एककल्ली, घुम्या, तिरसट, आतल्या गाठीची.

२०१३ च्या डीएसएम-५ मध्ये एक बारीक पण मोलाची तरतूद आहे. लक्षणांची सुरुवात बालपणातच असायला हवी, पण भोवतालच्या अपेक्षा व्यक्तीच्या क्षमतेपलीकडे जाईपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही. गावातल्या शाळेत, ठरलेल्या वेळापत्रकात, ओळखीच्या चार माणसांत एखाद्याचं नीट चालतं. तोच मुलगा शहरात वसतिगृहात येतो. तीन रूममेट, मेसचा गलका, ग्रुप प्रोजेक्ट, दर आठवड्याला बदलणारं टाइमटेबल. तिथे तो कोसळतो आणि सगळे म्हणतात, 'आधी तर चांगला होता!'

लक्षात ठेवा: निदानांची संख्या आणि प्रत्यक्ष प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

गैरसमज २: त्यांना दुसऱ्याच्या भावना कळत नाहीत

याचं मूळ बरंचसं १९८५ च्या एका प्रयोगात आहे. बॅरन-कोहेन, लेस्ली आणि फ्रिथ यांचा सॅली-ॲन प्रयोग. सॅली आपली गोटी टोपलीत ठेवून बाहेर जाते, ॲन ती काढून डब्यात ठेवते. परत आल्यावर सॅली गोटी कुठे शोधेल? २० ऑटिस्टिक मुलांपैकी १६ जण चुकले. यावरून 'इतरांच्या मनाचा अंदाज येत नाही' हा सिद्धांत उभा राहिला, आणि लोकांच्या बोलण्यात त्याचं 'यांना सहानुभूतीच नसते' असं झालं.

पण दुसऱ्याला काय ठाऊक आहे हे ओळखणं वेगळं आणि दुसऱ्याच्या दुःखानं हलून जाणं वेगळं. प्रयोगात पहिली गोष्ट मोजली होती, निष्कर्ष दुसरीबद्दल काढला गेला.

पुढे आणखी एक गुंता सुटला. 'ॲलेक्सिथायमिया' म्हणजे स्वतःच्या भावना ओळखणं आणि शब्दांत सांगणं अवघड जाणं. हा ऑटिझम नव्हे, पण २०१९ च्या एका मेटा-विश्लेषणानुसार ऑटिस्टिक लोकांमध्ये तो सुमारे ५० टक्के आढळतो, तर इतरांमध्ये सुमारे ५ टक्के. जेफ्री बर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१० आणि २०१३ मध्ये दाखवलं की दुसऱ्याच्या वेदनेला मेंदूचा प्रतिसाद किंवा चेहऱ्यावरचे भाव ओळखणं यांतला फरक ऑटिझमपेक्षा ॲलेक्सिथायमियाच्या पातळीवरून अधिक समजतो. म्हणजे वर्षानुवर्षं एका चलाचा दोष दुसऱ्याच्या नावावर लागत होता. 'गोंधळ घालणारं चल' पुस्तकात वाचून लक्षात राहत नाही. हे उदाहरण राहील.

गैरसमज ३: संवाद बिघडतो तो त्यांच्यामुळेच

डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. २०१२ साली त्यांनी साधा प्रश्न विचारला: ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही म्हणता, पण इतरांना ऑटिस्टिक माणसाचं मन तरी कुठे कळतं? याला 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' म्हणतात.

२०१७ साली सॅसन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात लोकांना ऑटिस्टिक आणि बिगर-ऑटिस्टिक व्यक्तींचे छोटे व्हिडिओ दाखवले. काही सेकंदांतच ऑटिस्टिक व्यक्तींबद्दलचं मत प्रतिकूल झालं. त्यांच्याशी बोलायची इच्छाही कमी. पण त्यांचं बोलणं नुसतं कागदावर वाचायला दिलं तेव्हा हा फरक नाहीसा झाला. नोकरीच्या मुलाखतीत किंवा तोंडी परीक्षेत याचा अर्थ काय होतो, याचा विचार करा. उमेदवार काय म्हणाला याच्या आधीच 'कसा वाटला' हे ठरलेलं असतं.

मात्र इथे थांबू नका. २०२० मध्ये क्रॉम्प्टन यांच्या गटानं ७२ जणांवर 'कानगोष्टी'सारखा प्रयोग केला. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत माहिती चांगली पुढे गेली, मिश्र साखळीत जास्त गळाली. हा निकाल खूप गाजला. मग त्याच गटानं ३११ जणांना घेऊन प्रयोग पुन्हा केला. २०२५ मध्ये आलेल्या निकालात मिश्र साखळ्यांमधली ती जादा गळती दिसली नाही. म्हणजे मिल्टन चुकले का? तसं नाही. पण ऐकायला पटणारी कल्पनासुद्धा मोठ्या नमुन्यावर पुन्हा तपासावी लागते, आणि स्वतःचाच गाजलेला निकाल तपासायला हिंमत लागते.

गैरसमज ४: असेल तर बघून कळेलच

अनेक प्रौढ वर्षानुवर्षं मुखवटा घालून वावरतात. याला कॅमोफ्लाजिंग म्हणतात. समोरच्याच्या भुवयांमध्ये बघत बोलणं, गप्पांची वाक्यं आधी घोकून जाणं, सगळे हसले की हसणं, हात हलवायची ऊर्मी दाबून ठेवणं. ते मोजायला २५ प्रश्नांची 'कॅट-क्यू' ही प्रश्नावली २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली.

मुलींचं निदान सुटण्यामागे हे एक कारण मानलं जातं. पूर्वी मुलगे आणि मुली यांचं प्रमाण ४:१ सांगत. २०१७ मध्ये ५४ अभ्यासांच्या मेटा-विश्लेषणात ते ३:१ च्या जवळ आलं. आपल्याकडे यात एक भर पडते. वडीलधाऱ्यांच्या नजरेला नजर न देणारी, कमी बोलणारी, सांगितलेलं शब्दशः करणारी मुलगी. तिला कोण तपासायला नेणार? तिचं तर कौतुक होतं, 'किती गुणी पोर!'

मुखवट्याची किंमत मोठी असते: थकवा, चिंता, नैराश्य. २०१८ च्या एका अभ्यासात मुखवटा आणि आत्महत्येचे विचार यांचा संबंध दिसला. हा सहसंबंध आहे, कार्यकारण सिद्ध झालेलं नाही. पण दुर्लक्ष करण्यासारखा नक्कीच नाही.

गैरसमज ५: सगळे गणिती जीनियस असतात

हे 'रेन मॅन' या १९८८ च्या चित्रपटाचं देणं. ज्या किम पीकवरून ती व्यक्तिरेखा सुचली, तो मुळात ऑटिस्टिक नसावा असंच नंतर मानलं गेलं. असामान्य कौशल्य असणारे ऑटिस्टिक लोक आहेत, पण थोडे. दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या आठ वर्षांच्या ऑटिस्टिक मुलांच्या पाहणीत एकतृतीयांशाहून अधिक मुलांना बौद्धिक अक्षमताही होती. ती मुलंही प्रौढ होतात. आणि वर सांगितलेले मुखवट्याचे, गप्पांचे अभ्यास बहुतांशी त्यांना वगळून झालेत, कारण त्यांना प्रश्नावली भरता येत नाही. कुठलाही निबंध वाचताना 'यात कोण नाही?' हे विचारायची सवय लावून घ्या.

फारसं बोललं न जाणारं

संवेदनांमधला फरक डीएसएमच्या निकषांत आला तोच २०१३ मध्ये. आवाज, उजेड, कपड्याच्या आतलं लेबल असह्य होणं आपण ऐकलेलं असतं. पण उलटही असतं: भूक लागलीय, लघवीला जायचंय, ताप आलाय हे शरीराचे संकेत उशिरा कळणं. काम करता करता संध्याकाळचे पाच वाजतात आणि मग हात थरथरायला लागल्यावर आठवतं की जेवलोच नाही.

दुसरं लक्षाबद्दल. मरे, लेसर आणि लॉसन यांनी २००५ मध्ये 'मोनोट्रोपिझम' ही कल्पना मांडली: लक्ष एका वेळी थोड्याच गोष्टींवर, पण फार खोल. त्यामुळे मध्येच कुणी हाक मारली तर होणारी चिडचिड हा उर्मटपणा नसतो. खोल पाण्यातून एकदम वर ओढल्यासारखं ते असतं.

'ऑनलाइन टेस्टमध्ये ३४ आले, म्हणजे...?'

एक्यू ही ५० प्रश्नांची चाचणी २००१ ची. ३२ किंवा जास्त गुण ऑटिस्टिक गटातल्या ८० टक्के लोकांना मिळाले, तुलनेच्या गटात फक्त २ टक्क्यांना. वाटतं, झालं की निदान! आता वही घ्या.

१०,००० लोक. १ टक्का प्रमाण धरलं तर १०० ऑटिस्टिक. त्यातले ८० जण ३२ च्या वर. उरलेल्या ९,९०० पैकी २ टक्के म्हणजे १९८ जणही वर. एकूण २७८ जणांपैकी खरे ऑटिस्टिक ८०, म्हणजे सुमारे २९ टक्के. चाळणी आणि निदान यांतला फरक तो हाच.

म्हणून या लेखात स्वतःचं काही दिसलं असेल तर गुणांवर थांबू नका आणि ते उडवूनही लावू नका. प्रौढांच्या ऑटिझमचा अनुभव असलेल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा. लहानपण आठवणारं कुणी सोबत असेल तर उत्तम, कारण निदान बालपणाच्या इतिहासावर उभं असतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा समावेश आहे, हेही माहीत असू द्या. आणि मन फारच खचलं असेल तर टेलि-मानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

विषय शोधत असाल तर जाता जाता एक सुचवतो. एक्यूमध्ये असा एक प्रश्न आहे की पार्टीपेक्षा वाचनालयात जाणं आवडतं का. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत रोज बारा तास बसणाऱ्या एमपीएससीच्या मुलाला हा प्रश्न विचारा. तो 'हो' म्हणेल, आणि त्या 'हो'चा ऑटिझमशी काडीचा संबंध नसेल. मराठी माणसाला काय विचारलं तर हे नीट कळेल, यावर अजून भरपूर काम करायला जागा आहे.