स्पोर्ट्स कार की फ्लॅट? हप्त्याच्या पलीकडचा हिशोब

एका श्रोत्याचा प्रश्न आलाय. पुण्यात आयटीत नोकरी, हातात 18 लाख. घरचे म्हणतात फ्लॅट बुक कर, याला मात्र कॉलेजपासून टू-सीटर हवीये. "घराची किंमत वाढते, गाडीची घसरते, एवढंच उत्तर आहे का?"

एवढंच नाहीये. सोयीसाठी दोन्हींची किंमत 90 लाख धरू. म्हणजे 18 भरायचे, 72 कर्ज. घराला 8.5 टक्क्यांनी 20 वर्षं धरली तर हप्ता साधारण 62,500. गाडीला 9 टक्क्यांनी 7 वर्षं, हप्ता 1 लाख 16 हजार.

बहुतेक जण इथेच थांबतात. पण खरा प्रश्न असा, की गेलेल्यातला कुठला पैसा परत येतच नाही?

आधी घर, कारण गैरसमज तिथे जास्त आहेत. पहिल्या हप्त्यातले 51 हजार नुसतं व्याज असतं. सात वर्षांत 52 लाखांहून जास्त भरता आणि मुद्दल फिटते जेमतेम 13 लाख. उरलेले 39 लाख बँकेचे. त्यात 7 टक्के स्टँप ड्यूटी आणि नोंदणी मिळून 6 लाख 60 हजार. सोसायटीचा मेंटेनन्स महिना 5 हजार धरला तर आणखी 4 लाख. झाले 50 लाख! आता यातून वाचलेलं भाडं वजा करा. 25 हजाराने सात वर्षांचे 21 लाख. राहिले 29. म्हणजे सात वर्षांत फ्लॅट 1 कोटी 19 लाखांना विकला गेला, तर कुठे तुम्ही बरोबरीत. वर्षाला साधारण 4 टक्के वाढ. अशक्य नाही, पण आपोआप होईलच असंही नाही. (बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलात तर 5 टक्के जीएसटी, आणि ताबा मिळेपर्यंत भाडंही चालूच.)

गाडीचं गणित लहान आणि क्रूर आहे. विम्याच्या तक्त्यातच पाचव्या वर्षी गाडीची किंमत निम्मी धरतात. सात वर्षांनी एक तृतीयांश उरली असं समजू, म्हणजे 60 लाख गेले. व्याज 25 लाख. महाराष्ट्रात 20 लाखांवरच्या पेट्रोल गाडीला 13 टक्के रोड टॅक्स, म्हणजे जवळपास 12 लाख. आयात गाडीला त्याहून जास्त. विमा, टायर, सर्व्हिसिंग धरलं की कोटीच्या वर. आणि राहायला भाड्याचं घर लागतंच.

आता मित्रा, तुझे 18 लाख. बँक स्टँप ड्यूटीला सहसा कर्ज देत नाही, त्यामुळे ते दोन्हीकडे कमीच पडतात. शिवाय उद्या नोकरी गेली तर? गाडीचा हप्ता आणि भाडं मिळून सहा महिन्यांचे साडेआठ लाख बाजूला हवेत. घराला पावणेचार लाखांत भागतं, पण अडचणीत फ्लॅट विकायला महिने जातात. गाडी तोट्यात का होईना, लवकर जाते.

मला विचारशील तर आत्ता दोन्ही नको. भाड्याने राहा. टू-सीटरचा नाद सुटतच नसेल, तर पाच वर्षं जुनी बघ. निम्मी घसरण आधीच्या मालकाने सोसलेली असते. फक्त सर्व्हिस रेकॉर्ड तपास, आणि टोकन देण्याआधी विम्याचा कोट मागव.