वरणाचं पाणी म्हणजे प्रथिनं नव्हेत

वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया होऊन पेशंट घरी आला की बहुतेक मराठी घरांत आधी कुकर चढतो तो मुगाच्या डाळीचा. डाळ शिजते, वरचं निवळ पाणी वाटीत काढलं जातं, त्यात मीठ-जिरं पडतं आणि ‘डाळीचं सगळं सत्त्व यात उतरलंय, नुसतं प्रोटीन आहे’ असं म्हणत वाटी पुढे होते. महिना-दीड महिन्याने पेशंट कामावर जाऊ लागला तरी तेच पाणी थर्मासमधून सोबत जातं, मधल्या वेळेचं खाणं म्हणून. त्यामागे माया असते, म्हणूनच हा समज खोडून काढणं जड जातं. पण तो खोडायलाच हवा, कारण त्याची किंमत पेशंटचे स्नायू मोजतात.

डाळ शिजताना नेमकं काय होतं ते पाहू. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम कोरड्या मूगडाळीत सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं असतात. वाटीभर घट्ट वरणाला साधारण ३० ग्रॅम डाळ लागते, म्हणजे त्या वाटीत सात ग्रॅम प्रथिनं आली. डाळीतली प्रथिनं मुख्यतः ग्लोब्युलिन या प्रकारची असतात. अंड्याचा पांढरा भाग उकळल्यावर गोठतो, तशी ती उष्णतेने गोठतात आणि बहुतांशी दाण्यातच राहतात. पाण्यात उतरतो तो थोडा स्टार्च, काही क्षार, विरघळणारी थोडी जीवनसत्त्वं, आणि अर्थातच रंग आणि चव. पाणी जिभेला दाटसर लागतं ते स्टार्चमुळे. त्या दाटपणालाच आपण सत्त्व समजतो. निवळलेल्या पाण्याच्या वाटीत एक-दोन ग्रॅम प्रथिनंही मुश्किलीने भरतात. उरलेली सगळी तळाच्या डाळीत असतात, आणि ती डाळ फोडणी देऊन घरातली बाकीची माणसं जेवतात. बाळाला वरचं अन्न सुरू करताना पाणी नको, घट्ट वरण द्या, असं बालरोगतज्ज्ञ कैक वर्षं याच कारणासाठी सांगत आले आहेत.

धडधाकट माणसाने वरणाचं पाणी प्यायलं तर बिघडत काहीच नाही. त्याच्या पोटात पुढे भाकरी, उसळ, दही, मासे यांना जागा असते. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाकडे ती जागा उरलेली नसते. स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा पाऊण भाग किंवा त्याहूनही थोडा जास्त काढून टाकतात. गॅस्ट्रिक बायपासमध्ये अन्न उतरतं ते सुरुवातीला जेमतेम ३० मिलिलिटरच्या पिशवीत. आणि गरज? अमेरिकेतल्या अंतःस्रावतज्ज्ञांच्या, लठ्ठपणातज्ज्ञांच्या आणि बॅरिॲट्रिक सर्जनांच्या संघटनांनी २०१९ मध्ये सुधारलेल्या संयुक्त मार्गदर्शक सूचना रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं सांगतात, आणि आदर्श वजनाच्या दर किलोमागे दीड ग्रॅमपर्यंत जायला मुभा देतात. म्हणजे पोट इवलंसं झालं, प्रथिनांची गरज मात्र घटली नाही. शरीराला ती अन्नातून मिळाली नाहीत, तर ते स्वतःचे स्नायू मोडून भागवतं. काट्यावर वजन उतरताना दिसतं, घरचे खूश होतात. पण त्या उतरलेल्या किलोंत चरबी किती आणि स्नायू किती, हे काटा सांगत नाही. म्हणून या माणसाच्या प्रत्येक घासाला एकच प्रश्न विचारायला हवा: एवढ्याशा जागेत प्रथिनं किती आली?

यावर नेहमीचा आक्षेप असा, की हॉस्पिटलमध्येच तर डाळीचं पाणी दिलं होतं. दिलं होतं, बरोबर. पहिल्या काही दिवसांत निवळ पातळ पदार्थ देतात ते जठराच्या टाक्यांवर ताण येऊ नये आणि शरीरातलं पाणी कमी पडू नये म्हणून. त्या यादीत वरणाचं पाणी पाण्याच्या जागी असतं, प्रथिनांच्या नव्हे. प्रथिनांसाठी बहुधा त्याच कागदावर पावडर लिहिलेली असते, आणि ‘ते केमिकल नको’ म्हणून घरी नेमकी तीच वगळली जाते. व्हे पावडर म्हणजे चीज करताना उरणाऱ्या निवळीतली प्रथिनं वेगळी काढून वाळवलेली. तिच्या ३० ग्रॅमच्या चमच्यातून साधारण २० ते २५ ग्रॅम प्रथिनं मिळतात. दुसरा आक्षेप: मग डाळ निरुपयोगीच का? अजिबात नाही. घोटलेलं घट्ट वरण, मुगाचं मऊ धिरडं, ताकात कालवलेलं सातू, हे सगळं खावं. फक्त गणित विसरू नये. नुसत्या घट्ट वरणावर ६० ग्रॅम गाठायचे तर दिवसाला आठ-नऊ वाट्या लागतील, आणि या पोटात एका वेळी एक वाटी मावणंही अवघड. डाळीला अंड्याची, दुधाच्या पदार्थांची, मासळीची किंवा सोयाची जोड लागते.

सोबत नेता येईल असं खाणं आपल्याकडे भरपूर आहे. उकडलेल्या एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिनं असतात आणि डब्यात त्याला कसलीच पूर्वतयारी लागत नाही. साध्या दह्याच्या १०० ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम असतात; तेच दही फडक्यात टांगून चक्का केला की पाणी गळतं आणि प्रथिनं जवळपास तिपटीने घट्ट होतात. चक्का मीठ-जिरं घालून खावा. त्याचं श्रीखंड करू नये, कारण साखरेचा मारा झाल्यावर बायपासच्या पेशंटला घाम, धडधड, जुलाब असा ‘डंपिंग’चा त्रास होऊ शकतो. ५० ग्रॅम मऊ पनीरमधून नऊ ग्रॅम मिळतात. भिजवून बारीक केलेला सोया खिमा, दुधात मिसळलेली साय काढलेल्या दुधाची पावडर हेही पर्याय आहेत, आणि डॉक्टरांनी कडक पदार्थांना परवानगी दिल्यावर सावकाश चावून खाल्लेले फुटाणे. मखाण्यांचा मात्र उगाच बोलबाला झाला आहे. २० ग्रॅम मखाण्यांची भलीमोठी वाटी दोन ग्रॅम प्रथिनं देते. शिवाय कुरकुरीत पदार्थ तोंडात विरघळून पोटातून झटकन पुढे सरकतात, पोट भरल्याची जाणीव होत नाही आणि माणूस खातच राहतो. चिवडा आणि खाकऱ्यालाही हेच लागू. पाकिटावरच्या ‘हाय प्रोटीन’ या अक्षरांवरही विसंबू नये. अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार घन पदार्थाच्या १०० ग्रॅममध्ये रोजच्या शिफारशीच्या २० टक्के प्रथिनं असली की हा दावा करता येतो. पुरुषाची शिफारस ५४ ग्रॅम धरली तर हे झाले जेमतेम ११ ग्रॅम. साध्या कणकेतही १० ग्रॅमच्या वर असतात. पाकीट उलटून मागचा तक्ता वाचावा, आणि साखर किती तेही तिथेच पाहावं.

बाकीचे समज थोडक्यात. ‘शेंगदाणे म्हणजे गरिबांचं प्रोटीन, हवे तेवढे खा’: मूठभर दाण्यांत एका अंड्याइतकी प्रथिनं असतात, पण उष्मांक दुपटीहून जास्त. ‘राजगिऱ्याचा लाडू पौष्टिक’: एका लाडवात प्रथिनं दोनेक ग्रॅम, बाकी बराचसा गूळ. ‘उपवासाला साबुदाण्याने ताकद येते’: साबुदाण्यात प्रथिनं जवळपास शून्य. ‘प्रोटीनने किडनी जाते’: निरोगी मूत्रपिंडांना दिवसाला ६०-८० ग्रॅम जड नाहीत, मूत्रपिंडाचा आजार आधीपासून असेल तर प्रमाण डॉक्टरच ठरवतील. ‘केस गळतात म्हणजे शस्त्रक्रिया बिघडली’: वजन झपाट्याने उतरलं की तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळतात आणि बहुधा परत येतात, प्रथिनं, लोह किंवा जस्त कमी पडलं तर हे गळणं लांबतं. ‘वजन उतरलं, आता हिशेब बंद’: पोट लहानच राहणार आहे, त्यामुळे हिशेबही आयुष्यभराचा, आणि सर्जनने लिहून दिलेल्या जीवनसत्त्वांच्या गोळ्याही.

घरात असा पेशंट असेल तर उद्या वरण करताना एवढं करा: तळाची डाळ घोटा आणि ती पेशंटच्या वाटीत आधी वाढा. वरचं पाणी त्याला आवडत असेल तर तेही द्या, पण जेवणाआधी किंवा नंतर अर्धा तास सोडून, आणि दिवसभरात किती पाणी प्यायलं त्या हिशेबात धरून.